घाट आला की दम तुटतो

प्रश्न : माझी २०११ सालची २५० सीसीची एफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) मोटरसायकल ६२ हजार किलोमीटर चालली आहे. सपाटीला छान पळते, पण खंबाटकी चढताना ५ हजार आरपीएमच्या पुढे ओढतच नाही. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. प्लग बदलला, इंजेक्टर साफ केला. मेकॅनिक आता ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला म्हणतो.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ईसीयूला हात लावू देऊ नका! दिवा लागत नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नव्हे. तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो, मग ईसीयूला कळणार कुठून?

पुढच्या वेळी दम तुटला की बाजूला थांबून टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि गाडी पुन्हा ओढू लागली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. फुकटात काम झालं.

नाही तर फ्युएल पंप बाहेर काढायला सांगा. माझ्याकडे अशीच एक आली होती. पंपाच्या तळाची जाळी तपकिरी गाळाने लिंपलेली, आणि टाकीच्या आतला होज (पेट्रोलची नळी) क्लिपजवळ चिरलेला. नुसत्या डोळ्यांना दिसेना, वाकवल्यावर चीर उघडली. गेज लावला तर दाब ३ बारऐवजी जेमतेम २. आयडलला (इंजिन नुसतं चालू ठेवायला) तेवढं पुरतं, चढावर नाही. होज बदलताना पेट्रोलमध्ये बुडून राहणाराच घ्या. साधा महिनाभरात फुगतो.

आणि हो, काम टाकी जवळजवळ रिकामी असताना, बॅटरीची वायर काढूनच करायचं.