डाउनलोड राहील हो, पण फाइल आपली राहणार नाही

तुम्ही विचारलंय की अजून दहा वर्षांनी नेटवरनं सिरियल, पिक्चर डाउनलोड करणं शिल्लक राहील का सगळं ऑनलाइनच बघायला लागेल. माझं सांगलीत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली, त्यामुळं लोक काय बघतात आणि कशात साठवतात हे रोज टेबलावर येतं. माझं मत विचाराल तर डाउनलोडचं बटण कुठंही जात नाही. जाणार आहे ती फाइल, आणि खरं तर निम्मी गेलीच आहे.

आधी थोडं मागचं सांगतो. इथं ब्रॉडबँड २५६ केबीपीएस होतं तेव्हा ७०० एमबीची फाइल उतरायला सहा तास लागायचे, रात्री लावायची आणि सकाळी उठून बघायची, मध्ये लाइट गेली तर परत रात्रीची वाट. ७०० एमबीच का, तर एका सीडीत तेवढंच मावायचं. टोरंट त्याच काळातलं, २००१ साली ब्रॅम कोहेननं काढलं, आणि त्याची युक्ती मला आजही आवडते, फाइलचे तुकडे करायचे आणि ज्याला जो तुकडा मिळाला तो त्यानं घेता घेताच दुसऱ्याला द्यायचा, म्हणजे गर्दी वाढली की स्पीड कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. त्यावरनं चोरीचा माल लई फिरला, ते चूकच, आणि आता तर सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर पिक्चरची चोरून कॉपी करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण एक गोष्ट अनेकांच्या घरात असली की ती सहजासहजी नाहीशी होत नाही, हे त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं.

मग २०१६ आलं. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात, सप्टेंबरात जिओ, नोव्हेंबरात नेटफ्लिक्सनं ऑफलाइन बघायची सोय दिली. 'दादा, पेनड्राइव्हमध्ये पिक्चर भरून द्या' म्हणणारी गिऱ्हाइकं माझ्याकडं दोनेक वर्षांत बंदच झाली.

आता या ॲपमधलं डाउनलोड म्हणजे काय हे नीट समजून घ्या. फाइल तुमच्या मोबाइलमध्ये येते हे खरं, पण कुलूप लावून येते, किल्ली ॲपकडं असते आणि त्या किल्लीला मुदत असते. काही ठिकाणी एकदा प्ले केलं की ४८ तासांत संपवायचं. ती फाइल कॉपी करून दुसऱ्या मोबाइलवर नेली तर चालत नाही, आणि कंपनीचे हक्क संपले की तुमच्या मोबाइलमधनंसुद्धा जाते.

हे मला महापुरानं शिकवलं. ऑगस्ट २०१९, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, आमचं घर गावभागात, त्यामुळं आज्जीला घेऊन आम्ही मिरजेला मामाकडं. लाइट येऊन जाऊन, मोबाइलला रेंज नाही. आज्जी काही बोलेना, नुसती खिडकीतनं पाऊस बघायची. मी तिच्यासाठी एका ॲपवर तिच्या आवडत्या सिरियलचे बारा भाग आधीच उतरवून ठेवलेले, मोठ्या हौसेनं लावायला गेलो तर मुदत संपली, इंटरनेटला जोडा म्हणून मेसेज. बाराच्या बारा भागांना तेच. तेव्हा बॅगेत जुनी हार्डडिस्क होती, तिच्यात एका नाटकाच्या तीन व्हीसीडी मी कधीतरी कॉपी केलेल्या, त्या व्हीसीडी आज्जीनंच स्टँडजवळच्या दुकानातनं पैसे देऊन आणलेल्या. लॅपटॉपची बॅटरी ४० टक्के. लावलं, चाललं. चित्र फाटकं, आवाज खरखरीत, पण आज्जी दुसऱ्या अंकात हसली, आणि घर सोडल्यापासनं ते पहिल्यांदा.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक उभं केलं त्या गावातला मी माणूस, म्हणून हे मला जास्तच लागतं. २००३ साली पुण्यात आग लागून फिल्म संग्रहालयातली कितीतरी जुनी नायट्रेट रिळं, म्हणजे पटकन पेट घेणारी जुनी फिल्म, जळाली, कारण ती एका जागी होती. आता आग लागायचीसुद्धा गरज नाही, २०२२ मध्ये अमेरिकेत एचबीओ मॅक्सनं स्वतःच बनवलेल्या काही सिरियल ॲपवरनं काढून टाकल्या. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासनं कायदा आहे की डिजिटल पिक्चर विकताना हे फक्त लायसन्स आहे, म्हणजे बघायची परवानगी, मालकी नाही, असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला लागतं. आपल्याकडंही तेवढं तरी यायला पाहिजे.

पुढं काय होईल म्हणाल तर एव्ही१ सारख्या व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतींमुळं फाइल लहान होत जातील, म्हणजे प्रवासासाठी उतरवून घेणं अजून सोपं. डायरेक्ट टू मोबाइलच्याही चाचण्या झाल्यात, त्यात टॉवरवरनं टीव्हीसारखं प्रसारण थेट मोबाइलवर, नेट नको न रिचार्ज नको. ते पुरात कामाला येईल असं मला मनापासनं वाटतं. पण ते बघण्यापुरतं, ठेवण्यापुरतं नाही.

त्यामुळं तुमच्या घरात नाटकांच्या, लग्नाच्या, जुन्या पिक्चरच्या विकत घेतलेल्या सीडी असतील तर या महिन्यातच कॉपी करून घ्या, कारण बुरशी लागलेल्या सीडी माझ्याकडं येतात आणि दहातल्या चार तर वाचतच नाहीत. एक कॉपी घरात, एक दुसऱ्या गावात. आमची दुसरी कऱ्हाडला बहिणीकडं आहे, कपाटात, वरच्या मजल्यावर.