मामांची फर्म काळ्या यादीत गेली आहे. मी तिचा माजी भागीदार आहे, तर माझी स्वतःची ठेकेदार नोंदणी रद्द होऊ शकते का?

भाऊ, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे याच फेऱ्यात सापडलेल्या इतरांनाही वाचता येईल. मामा आणि मामेभाऊ यांच्या भागीदारी फर्ममध्ये तुमचा पाव हिस्सा होता. २०२१ मध्ये तुम्ही बाहेर पडलात आणि अमळनेरला स्वतःच्या नावाने ठेकेदार म्हणून नोंदणी केली. पुढे एका रस्त्याच्या कामावरून मामांची फर्म तीन वर्षांसाठी काळ्या यादीत गेली आणि तिची नोंदणीही गेली. आता तुम्हाला कारणे दाखवा नोटीस आली आहे: त्या फर्मशी संबंध असल्याने तुमची नोंदणी रद्द का करू नये?

होऊ शकते, पण आपोआप नाही. तुम्ही भाचे आहात एवढ्या कारणावर तर नाहीच. प्रश्न दोन आहेत. तुम्ही कधी बाहेर पडलात हे कागदावर दिसतं का? आणि आज तुमच्या धंद्यावर त्या फर्मचा ताबा आहे का?

मी जळगाव-धुळ्याकडच्या ठेकेदारांची नोंदणीची, टेंडरची आणि बिलांची कागदपत्रं करतो. वकील नाही, पण अशा फायली हातून गेल्या आहेत.

पहिला प्रश्न जास्त अवघड असतो, कारण आपल्याकडे भागीदारी सोडणं म्हणजे स्टँपपेपरवर निवृत्तीपत्र, नोटरीचा शिक्का आणि घरच्या चार माणसांसमोर हिशोब. घरात तेवढं पुरतं, बाहेरच्यांसाठी पुरत नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३२ प्रमाणे जाहीर नोटीस दिल्याशिवाय निवृत्त भागीदार पुढच्या व्यवहारांनाही तिऱ्हाइतांपुढे जबाबदार धरला जाऊ शकतो. जाहीर नोटीस कशी द्यायची ते कलम ७२ मध्ये आहे: नोंदणीकृत फर्म असेल तर फर्मच्या निबंधकांना (रजिस्ट्रार ऑफ फर्म्स) कळवायचं, राजपत्रात छापायचं आणि फर्म ज्या जिल्ह्यात आहे तिथे खपणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात द्यायचं. तुम्ही यातलं काय केलं होतं, ते आज रात्रीच शोधा. निबंधकांकडची पोच सापडली तर अर्धी लढाई तिथेच होते. ती नसेल तर दुसरे पुरावे गोळा करा. बँकेच्या खात्यावरून सही काढल्याचं पत्र, जीएसटी नोंदणीत भागीदार कमी केल्याची दुरुस्ती, २०२१ नंतर फर्मकडून नफ्याचा हिस्सा न आल्याचं दाखवणारी तुमची आयकर विवरणपत्रं.

इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. एका ठेकेदाराची फाईल माझ्यासमोर होती. निवृत्तीपत्र एप्रिलचं, शिक्का-सही सगळं ठाकठीक. सुनावणीत साहेबांनी मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची वही (एम.बी.), उघडून पुढे सरकवली. त्याच वर्षीच्या जूनमधल्या मोजमापाखाली ‘मोजमाप मान्य’ असं लिहून याचीच सही होती, खाली फर्मचा गोल शिक्का. माणूस खरंच बाहेर पडला होता. त्याचा भाऊ गावाला गेला म्हणून त्या दिवशी साइटवर जाऊन सही करून आला, इतकंच. पण त्या एका सहीने निवृत्तीपत्राची किंमत उरली नाही. म्हणून २०२१ नंतर मामांच्या कुठल्या एम.बी.वर, बिलावर, साहित्याच्या चाचणी अहवालावर किंवा बँकेच्या कागदावर तुमची सही आहे का, हे आधी स्वतःशी पक्कं करा. असेल तर लपवू नका. उत्तरात स्वतःच सांगा आणि कारण द्या.

आणखी एक तारीख महत्त्वाची आहे: ज्या रस्त्यावरून हे सगळं झालं त्याचा कार्यारंभ आदेश कधीचा? तो तुमच्या भागीदारीच्या काळातला असेल तर ‘मी नंतर बाहेर पडलो’ एवढ्याने सुटका होत नाही. भागीदार असतानाच्या कृत्यांची जबाबदारी निवृत्तीनंतरही राहते, हेही कायदा सांगतो. अशा वेळी तुमचा त्या कामात प्रत्यक्ष भाग काय होता, हे मांडावं लागेल. काम नंतरचं असेल तर रस्ता का फुटला याच्या चर्चेत शिरूच नका. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरमाचा थर कमी पडला की डांबराच्या कडा आधी सुटतात. हे सगळं खरं असलं तरी ती मामांची बाजू आहे. तुम्ही ती मांडायला लागलात की दोन फर्म एकच आहेत असं वाचणाऱ्याला वाटणार.

आता ताब्याचा प्रश्न. केंद्र सरकारच्या वित्त मंत्रालयाने २ नोव्हेंबर २०२१ रोजी बोलीदारांवर बंदी घालण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बंदी आली की ती संलग्न फर्मनाही लागू होते, असं त्यात आहे. संलग्न कोण हे ठरवायच्या कसोट्याही त्यात आहेत. व्यवस्थापन एकच आहे का, बंदी आलेल्या फर्मच्या भागीदारांचा किंवा संचालकांचा दुसरीकडे बहुमताचा हिस्सा आहे का, शेअर्सच्या जोरावर तिचा शब्द चालतो का, एकीचं दुसरीवर नियंत्रण आहे का. शिवाय वारसदार म्हणून उभी राहिलेली नवी फर्म संलग्नच धरायची. या सूचना केंद्राच्या खरेदीसाठी आहेत, राज्याच्या खात्याची नोंदणी त्या खात्याच्या स्वतःच्या नियमांनी चालते. म्हणून तुमच्या नोटिशीत नेमका कोणता नियम किंवा शासन निर्णय लिहिलाय ते आधी बघा. पण उत्तर लिहिताना या कसोट्या एकेक करून घेतल्या तर एकही मुद्दा राहून जात नाही. या सगळ्यांत नातं ही कसोटी कुठेच नाही, हे ठळक लिहा.

ताबा मात्र लहानसहान गोष्टींतून उघडा पडतो. दोन्हीकडच्या जीएसटी नोंदणीत मोबाईल नंबर एकच. तुमच्या टेंडरची बयाणा रक्कम, म्हणजे टेंडरसोबतची अनामत, मामेभावाच्या खात्यातून गेलेली. यंत्रसामग्रीच्या यादीत तोच रोलर, त्याच आरसी नंबरचा. कामावर दाखवलेला डिप्लोमा इंजिनिअर दोन्ही फर्मचा एकच. मामांचा रोलर भाड्याने घेणं हा गुन्हा नाही, पण भाडेकरार हवा आणि भाडं बँकेतून गेलेलं दिसायला हवं. खानदेशात अशी यंत्रं एकमेकांकडे तोंडी बोलीवर फिरतात, त्यामुळे हा भाग कच्चा राहतो आणि पुढे तोच गळ्याशी येतो.

नोटिशीबद्दल तुमच्या बाजूने कायदा भक्कम आहे. बाजू ऐकून घेतल्याशिवाय काळ्या यादीत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इरुसियन इक्विपमेंटच्या प्रकरणात १९७४ पासून सांगितलं आहे. गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेसच्या निकालात (२०१४) म्हटलंय की कोणती कारवाई करायचा विचार आहे ते नोटिशीतून स्पष्ट कळलं पाहिजे. यूएमसी टेक्नॉलॉजीजच्या निकालात (२०२०) तेच पुन्हा आलं. कुलजा इंडस्ट्रीजमध्ये (२०१३) कायमची बंदी नको, चूक जेवढी मोठी त्या प्रमाणातच कालावधी हवा, असं आहे. तुमच्या नोटिशीत ‘संबंध आहे’ एवढंच मोघम लिहिलं असेल आणि कोणता संबंध, कोणत्या कागदावरून, याचा पत्ता नसेल, तर पहिला आक्षेप तोच घ्या.

नोटिशीची मुदत पाळाच. मुदतीच्या आत एक पत्र द्या: ज्या कागदांवर नोटीस आधारली आहे त्यांच्या प्रती द्याव्यात, उत्तराला वेळ वाढवून मिळावा आणि प्रत्यक्ष सुनावणी मिळावी. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मामांच्या फर्मचा काळ्या यादीचा आदेश आणि त्या कामाची मोजमाप पुस्तिका माहिती अधिकारात मागा. पण तिथे उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून त्याची वाट बघत नोटीस तशीच पडू देऊ नका. निर्णय विरोधात गेला तर कारणांसह लेखी आदेश मागा, वरिष्ठांकडे अपिलाची तरतूद असेल तर ते करा. त्यापुढे जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगर खंडपीठ आहे. तिथे मात्र चांगला वकील धरा.

आता तुम्ही शेवटी जे विचारलंय, की नोंदणी गेलीच तर पत्नीच्या नावाने नवी फर्म काढावी का? कृपा करून नको. हा सल्ला देणारे तालुक्याच्या प्रत्येक कॅन्टीनवर भेटतील. कोणी मजूर सहकारी संस्थेच्या नावावर काम घ्यायलाही सांगेल. वहिनींना टेंडरसोबत ‘आमच्या फर्मवर वा तिच्या चालकांवर बंदी नाही’ अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर द्यावं लागेल. काम तुम्ही बघणार, पैसा तुमचा, आणि खोट्या शपथेचा ठपका त्यांच्यावर. ज्या बाईने कधी साइट पाहिली नाही तिच्या नावाने समन्स आलेलं मी पाहिलंय. घरातल्या माणसाला या जागी उभं करू नये, असं मला मनापासून वाटतं.

एका फर्मवरची बंदी तिच्या संलग्न फर्मनाही लावायची, हा नियम मला मुळात योग्यच वाटतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेची खोली पहिल्याच पावसात गळायला लागली, आणि तोच ठेकेदार पाटी बदलून पुढच्या गावात दुसरी खोली बांधायला आला, तर तिथल्या पोरांना कोण वाली? नियमाचा रोख त्याच्यावर आहे. तुमच्यासारखा वेगळा झालेला माणूस त्यात ओढला जाऊ नये म्हणूनच तर सुनावणी असते. तिथे मामांविरुद्ध बोलायची गरज नाही, तुमच्या फर्मचे कागद दाखवायची आहे.

सध्या हातात असलेली कामं थांबवू नका. नोटीस म्हणजे आदेश नव्हे, आणि काम अर्धवट सोडलंत तर तुमच्याविरुद्ध नवं कारण तयार होईल. नवीन टेंडर भरताना मात्र प्रतिज्ञापत्राचा मजकूर शब्द न् शब्द वाचा. ‘कोणतीही कार्यवाही प्रलंबित नाही’ असं छापलेलं असेल तर ते तसंच सही करू नका, नोटीस आल्याचं त्यात नमूद करा.

निवृत्तीपत्राची तारीख, निबंधकांकडे कळवलं होतं की नाही, आणि नोटिशीतला नियम क्रमांक, एवढं खाली लिहा. नावं, पत्ते टाकू नका. उत्तराचा मसुदा कसा मांडावा ते त्यावरून सांगतो.