मिस्टर म्हणतात, डॉक्टरांना सांगू नकोस

"मावशी, यांना लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर झालाय, आर-चॉप नावाच्या केमोचे चार डोस झाले, गाठी बऱ्याच विरघळल्यात. पण आता बोटांची टोकं बधिर झालीयत. दुकानात नोटा मोजताना दोन नोटा एक म्हणून जातात, शर्टाची बटणं मी लावते, परवा एक चप्पल रस्त्यातच राहिली तरी यांना पत्ता नाही. डॉक्टरांना सांगू नकोस म्हणतात, केमो बंद करतील आणि आजार परत येईल. शेजारच्या काकू म्हणतात ही शुगर आहे, सदाफुलीचा रस दे. गुपचूप फोन करू का डॉक्टरांना?" – सांगलीहून एक वाचक

अगं, आधी तो रस. अजिबात द्यायचा नाही. आर-चॉपमधलं जे औषध नसांना त्रास देतं ते व्हिन्क्रिस्टीन, आणि ते सदाफुलीपासूनच काढतात, दवाखान्यात ते उंची-वजनाचा हिशोब करून देतात, मोठ्या माणसालाही एका वेळी बहुतेक 2 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, आणि आपण घरी मूठभर पानं मिक्सरला लावायची म्हणजे पोटात काय किती गेलं ते कोण सांगणार? काकूंची माया कळते गं, पण रस नको.

शुगरचा संशय मात्र अगदीच चुकीचा नाही. प्रत्येक डोसबरोबर ज्या पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या असतात ना, त्यानेही शुगर चढते, म्हणून शुगर तपासून घ्या, आणि बी-12 हे जीवनसत्त्वही, ते कमी पडलं तरी बधिरपणा येतो.

आता मुख्य. व्हिन्क्रिस्टीन पेशीच्या आतल्या बारीक नळ्या बिघडवतं, त्यामुळे कॅन्सरच्या पेशी वाढायच्या थांबतात, पण नसांमध्येही तशाच नळ्या असतात आणि सगळ्यात लांब नस आधी मार खाते, म्हणून सुरुवात पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून. मिस्टरांची भीती मला समजते, इतकं सोसून गाठी कमी झाल्यात, कोणाला वाटेल आता कोणी हात लावू नये. पण सांगितलं म्हणजे केमो बंद असं नसतं. डॉक्टर या एकाच औषधाचा डोस कमी करू शकतात किंवा तेवढंच वगळू शकतात, बाकीची औषधं चालू राहतात. न सांगता पुढचे डोस पूर्ण मापाने गेले तर पाऊल वर उचलता न येण्यापर्यंत पाळी येऊ शकते, आणि औषध संपल्यावरही काही आठवडे त्रास वाढत राहतो, मग भरून यायला महिनोन्‌महिने जातात, कधी पूर्ण भरून येतही नाही.

गुपचूप फोन नको. त्यांचा विश्वास गेला तर पुढचं दुखणं ते तुझ्यापासूनही लपवतील. आज रात्री जेवणं झाली की त्यांना सरळ सांग, "पुढच्या डोसच्या आधी तुम्ही सांगा, नाही सांगितलं तर मी तुमच्यासमोर सांगणार." आणि तिथे नुसतं "मुंग्या येतात" म्हणू नका, त्याने काही कळत नाही, नोटांचं, बटणांचं, चपलेचं जसं मला लिहिलंस तसंच सांग. जळजळ किंवा दुखणं असेल तर त्यावर ड्युलोक्सेटिनसारखी गोळी देतात, पण बधिरपणा त्याने जात नाही, आणि ती मेडिकलमधून मनाने आणायची नाही. बुरशीसाठी कोणी गोळ्या दिल्या असतील तर त्याही दाखव, त्यातल्या काहींनी व्हिन्क्रिस्टीन अंगात जास्त साठतं.

तोवर स्कूटर बंद, पायाला ब्रेक कळत नसेल तर दुकानात सोडायला कोणीतरी जा. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल. आंघोळीचं पाणी आधी तू हात घालून बघ. रोज रात्री तळपाय उजेडात तपास, केमोत पांढऱ्या पेशी कमी असतात, साधी जखमही चिघळते आणि त्यांना ती दुखणार नाही.

आणि एक तू लिहिलं नाहीस, बहुतेक लाजेने, पोट साफ होतं का? हेच औषध आतड्याच्या नसाही मंद करतं. दोन-तीन दिवस झालं नाही तर डॉक्टरांना विचार, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर मात्र डोसच्या तारखेची वाट बघू नकोस, त्याच दिवशी घेऊन जा.