व्हेसिकलला मराठीत काय म्हणावे: पिशवी, फुगा की पुटिका?

खारघरच्या एका ताईंनी विचारले आहे: रोगप्रतिकारक पेशींतून बाहेर पडणारी, आवरणात बंद अशी अतिसूक्ष्म व्हेसिकल्स वापरून ब्लड कॅन्सरवर उपचार शोधले जात आहेत. त्याबद्दलच्या मराठी मजकुरात कुठे पिशव्या, कुठे फुगे, तर कुठे पुटिका असे वाचले. यातला योग्य शब्द कोणता?

माझे मत पुटिकेला. संस्कृतात पुट म्हणजे दुमडून केलेली पोकळी. पानाचा द्रोणही पुटच. आपली पुडी, पुडा, अगदी साखरपुड्यातला पुडाही त्यातूनच आला. पुडीत काहीतरी बांधून दुसऱ्याच्या हाती द्यायचे असते, आणि पुटिकेचे कामही तेच. पेशी प्रथिने, आरएनए वगैरे ऐवज आवरणात गुंडाळून बाहेर सोडते. एक्सोसोम या प्रकारच्या पुटिका जेमतेम ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात. एनके, म्हणजे नैसर्गिक मारक पेशी या रोगप्रतिकारक पेशीच. त्यांच्या पुटिकांत परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही प्रथिने असतात. परफोरिन कर्कपेशीच्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशीच्या, आवरणाला भोके पाडते, ग्रॅन्झाइम आत शिरून तिचा मृत्यू घडवून आणते. फुगा म्हटले की हा सगळा ऐवजच नाहीसा होतो.

पिशवी हा शब्द मात्र खारघरमध्ये तरी टाळाच. अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या तिथल्या कॅन्सर केंद्राच्या आवारात ‘आज दोन पिशव्या चढवल्या’ म्हणजे रक्ताच्या किंवा प्लेटलेटच्या. तिथे ‘पेशी कमी झाल्या’ म्हणजेही बहुधा प्लेटलेटच. आधीच काळजीत असलेल्या नातेवाइकांना आणखी एक पिशवी कशाला?

पेशी आणि पुटिका यांची अदलाबदलही नको. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी, बदलून परत दिल्या जातात. त्या जिवंत असतात, शरीरात वाढतात. पुटिकेला केंद्रक नसते, ती स्वतःची संख्या वाढवू शकत नाही. फरक एवढा मोठा आहे.

मारक पेशी लिहिताना ‘कर्कपेशींना मारणाऱ्या’ असा खुलासा जोडावा, कारण ‘आरोग्याला मारक’ हा प्रयोग कानात पक्का बसलेला आहे. आणि ‘संभाव्य उपचार’ मधला संभाव्य कधीच गाळू नये. ल्युकेमियाच्या, म्हणजे एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरच्या, पेशी मरताना दिसल्या त्या प्रयोगशाळेत. रुग्णांसाठी हा रुळलेला उपचार नाही.

ताई, तुम्ही सरळ लिहा: ‘रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेल्या पुटिका, म्हणजे अतिसूक्ष्म पुड्या’. पुढे नुसते पुटिका म्हटले तरी चालेल.