भोक पाडताना शिंपला का तडकतो?

प्रश्न : जमवलेले शिंपले आणि छोटे शंख डबाभर साठलेत. त्यांची कानातली-गळ्यातली घरीच करायची आहेत, पण भोक पाडायला गेलं की शिंपला तडकतो. खिळा-हातोडी झाली, तापवलेली दाभणही झाली. नेमकी कोणती हत्यारं आणि सामान घ्यावं? तयार संच मिळतात, ते घ्यावेत का?

उत्तर : संच घेऊ नका. त्यात पकडी, कड्या, मणी भरपूर असतात, पण शिंपल्याला चालेल असा ड्रिलचा बिट बहुतेक वेळा नसतो, आणि तुमचं सगळं घोडं तिथेच अडलंय.

शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीत असतं तेच. फक्त इथे त्याचे थर प्रथिनांच्या अगदी पातळ पापुद्र्यांनी एकमेकांना धरून ठेवलेले असतात. त्यामुळे शिंपला घासला की मुकाट झिजतो, ठोकला की कपची उडते आणि तापला की आतलं प्रथिन जळायला लागतं. माझा पहिला शिंपला मी लाकडाच्या बिटाने, कोरडाच, मशीन पूर्ण वेगात ठेवून धरला होता. आधी केस जळल्यासारखा वास आला, मग भोकापासून थेट कडेपर्यंत चीर गेली. त्या वासाकडे तेव्हा मी लक्ष दिलं नाही. तुम्ही द्या. वास आला म्हणजे शिंपला तापलाय, लगेच थांबायचं.

तेव्हा खर्च करायचाच तर डायमंडचा बिट घ्या. त्याच्या टोकावर हिऱ्याची बारीक पूड बसवलेली असते. तो कापत नाही, घासत घासत आत जातो, आणि शिंपल्याला हेच मानवतं. 1 मिमी आणि 1.5 मिमी असे दोन बिट पुरतात. पातळ शिंपल्यांसाठी बोटांत फिरवायचा हँड ड्रिल उत्तम. वेळ लागतो, पण हाताला आतलं कळत राहतं. जाड शंखांसाठी लहान फिरतं मशीन लागेल. ते बॅटरीवरचं असेल तर बरं, कारण पाण्याशी गाठ आहे. विजेच्या वायरचं मशीन पाण्याने भरलेल्या ताटलीवर धरू नका. बिट आणि शिंपला दोन्ही पुन्हा पुन्हा ओले करत काम करा.

माझी पद्धत सांगते. पसरट ताटलीत मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यात शिंपला पालथा न ठेवता खोलगट बाजू वर करून रुतवायचा, म्हणजे पाठीला सगळीकडून आधार मिळतो. वर बोटभर पाणी. जागा बिजागरीजवळची, म्हणजे शिंपल्याची दोन कवचं जिथे जोडलेली असतात तिथली निवडायची, तिथे शिंपला सर्वांत जाड असतो. कडेपासून निदान 3 मिमी आत राहायचं. बिट आधी जरासा तिरका धरून नखाएवढी खाच करायची, मगच सरळ उभा करायचा. एरवी तो गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरतो आणि ओरखडा उठतो. थोडं आत गेलं की बिट बाहेर काढायचा, पाण्याचं दुधाळ पीठ धुऊन द्यायचं, पुन्हा लावायचा. शेवटी आवाज बदलतो, जरा पोकळ येतो. तिथे जोर पूर्ण काढून घ्यायचा, नाहीतर बिट आरपार जाताना पलीकडची कपची घेऊन जातो. शंका वाटली तर शिंपला उलटून उरलेलं भोक दुसऱ्या बाजूने पुरं करा.

पाणी धुळीसाठीही लागतं. शिंपल्याची कोरडी पूड फुप्फुसात जाणं वाईट. मास्क आणि चष्मा ओल्या कामातही लावा, मी लावते.

तुमच्या डब्यात आधीच भोक असलेले शिंपले आहेत का, ते आधी शोधा. बिजागरीजवळ अगदी गोल, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं भोक दिसलं, तर ते बहुधा शिकारी गोगलगायीचं काम असतं. ती आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करते आणि कानशीसारख्या जिभेने खरवडते. एका भोकाला तिचे तासन् तास जातात. पण कड अशी सुबक उतरती येते की मला ती मशीनने कधीच जमली नाही. असे शिंपले मी कानातल्यांसाठी बाजूला ठेवते.

भोक झाल्यावर कड बारीक कानशीने मारा आणि 400, 600, 1000 नंबरचे पॉलिश पेपर ओलेच क्रमाने फिरवा. भोकाची कड धारदार राहिली तर दोरा आठवडाभरात तुटतो. ओवायला प्लास्टिकचं आवरण असलेली पोलादी तार चांगली. मेण लावलेला सुती दोराही चालतो, फक्त दर शिंपल्यानंतर गाठ मारा, म्हणजे कवचं एकमेकांवर आपटत नाहीत.

पकडी तीन घ्या : चपट्या तोंडाच्या दोन, गोल तोंडाची एक. शिवाय तार कापायला कटर. चपट्या दोन का, तर कडी उघडायला दोन्ही हातांत पक्कड लागते. कडीची दोन टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नसतात. एक टोक स्वतःकडे, दुसरं समोर असं वळवायचं, आणि तसंच परत आणायचं. ओढून उघडलेली कडी पुन्हा गोल होत नाही आणि त्या फटीतूनच शिंपला निसटतो. कडीची तार 0.8 मिमी असेल तर 1.5 मिमीचं भोक सैलसर बसतं.

चिकटवायला इपॉक्सी, म्हणजे दोन नळ्यांतलं मिसळून लावायचा गोंद. झटपट चिकटणारा गोंद सुकताना आजूबाजूला पांढरट धूर बसतो आणि धक्का लागला की सुटतो. दोन्ही पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरने खरखरीत करा. चमकेसाठी बेबी ऑइलचा थेंब लावायचा तर तो सगळं चिकटवून झाल्यावर.

आणि स्वच्छ करायला व्हिनेगर किंवा लिंबू नको. मी एकदा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलेल्या शिंपल्याची कड सकाळी बोटाला खडूसारखी लागली. साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. ब्लीच वापरलंच तर पातळ करून, थोडा वेळ, आणि व्हिनेगरच्या जवळपासही नेऊ नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

प्रश्न : लाकडी पेटीत ठेवलेल्या शंखांच्या माळेवर पांढरी पूड आली आहे. बुरशी आहे का?

उत्तर : बहुधा नाही. पुसल्यावर खालची चमक गेलेली आणि पृष्ठभाग खडबडीत दिसला, तर कवचच झिजतंय. लाकडातून, विशेषतः ओकसारख्या लाकडातून, आणि काही पुठ्ठ्यांतून आम्लाची वाफ निघते. ओलाव्यात ती कवचाशी मिळून पांढरे क्षार तयार करते. शंख-शिंपल्यांचे अभ्यासक लॉफ्टस बाइन यांनी 1899 मध्ये याबद्दल लिहिलं, म्हणून याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. त्यांना तो जंतूंचा वाटला होता, पण हा रोग नाही, रसायन आहे. माळ सोडवून शंख साध्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा आणि काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. गेलेली चमक परत येत नाही, याचं मलाही वाईट वाटतं. पण पुढची झीज थांबते. त्या पेटीत परत ठेवू नका.

प्रश्न : स्वतः केलेली कानातली घातली की कान खाजतात, लाल होतात.

उत्तर : शिंपल्याचा दोष नसावा, कानात अडकवायच्या तारेच्या आकड्यांचा असेल. स्वस्त आकड्यांत निकेल असतं आणि ते पुष्कळांच्या त्वचेला सोसत नाही. आकडे बदला : टायटॅनियम किंवा नायोबियम घ्या. 925 ची चांदीही बहुतेकांना चालते. नेलपॉलिशचा थर हा दोन-चार दिवसांचा उपाय, तो घासून जातो. कान पूर्ण बरे होईपर्यंत काहीच घालू नका. पाणी येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.