धरणं बांधलेल्या नदीचा पूरकाठ नुसती झाडं लावून सावरतो का?

नाही. पूरकाठाला, म्हणजे पुराचं पाणी पसरतं त्या काठच्या सखल जमिनीला, आधी पाणी लागतं, झाडं मागाहून. धरण पूर आणि गाळ दोन्ही अडवतं, मग काठावरच्या डबक्यांत मासे अंडी घालायला पोचतच नाहीत. त्यामुळे हंगामात मोठा विसर्ग सोडावा, बुजलेल्या उपप्रवाहांची तोंडं उघडावीत, जमलं तर काठावरचा पूर अडवणारा बांधच मागे घ्यावा. नेदरलँड्समध्ये नायमेखेनला वाल नदीचा बांध सुमारे 350 मीटर मागे नेऊन शेजारी नवा प्रवाह खोदला.

आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या उल्हास नदीचं गणित निराळं. भिवपुरीच्या वीजगृहाचं पाणी तिला उन्हाळ्यातही वाहतं ठेवतं आणि पूर तर येतोच (जुलै 2019, वांगणीजवळ अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आठवा). इथे खरी अडचण काठावर टाकलेल्या डेब्रिजच्या (बांधकामाच्या राडारोड्याच्या) भरावाची. डेब्रिजवर वृक्षारोपणाचे फोटो छान येतात, एवढंच! आधी भराव उपसा. करंज, वाळुंज नंतर लावा.