सिनॉडला निघालीस, तर हे वाचून जा

प्रिय बाळ,
ख्रिस्तात सलाम.

डायसिसन कौन्सिलने (आपल्या धर्मप्रांताच्या सभेने) सिनॉडसाठी, म्हणजे आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सीएनआय) सर्वोच्च सभेसाठी, तुझं नाव घेतलं हे ऐकून फार आनंद झाला. फोनवर विचारलंस ना की काका तिथे नेमकं करायचं काय, फोनवर अर्धं राहून जातं म्हणून निवांत लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. तुला डायसिसने पाठवलंय, पण तुझं मत मात्र तुझंच आहे. पहिल्याच रात्री जेवणं झाली की कोणीतरी येईल आणि हळूच चिठ्ठी देईल, मॉडरेटरला (म्हणजे सीएनआयच्या प्रमुखपदाला) हे, डेप्युटी मॉडरेटरला हे, ट्रेझररला हे, आपल्या सगळ्या मराठी लोकांचं ठरलंय म्हणून. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, मला माहितीये. "प्रार्थना करून ठरवते" एवढंच म्हण आणि खरंच प्रार्थना करून ठरव. आपला माणूस म्हणून मत देऊ नकोस, त्याने आधीच्या पदावर काय केलं ते बघ.

आणि एका मताने काय होतं असं मनात आणू नकोस. सीएनआय व्हायला किती वर्षं लागली ठाऊक आहे ना, 1929 ला लखनौत बोलणी सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एक झाली, आपल्या नगरची अमेरिकन मराठी मिशनची मंडळी त्यात युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामधून आली. लहान बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की समजत्या वयात, यावर किती वाद झाले आणि शेवटी दोन्ही पद्धती मान्य करून लोक एकत्र राहिले. पण त्याच 1970 सालात, ऐन दारात येऊन, मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशियाच्या प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं आणि ते आलेच नाहीत. आजही आपल्याकडे मेथडिस्ट मंडळ्या वेगळ्या आहेत त्या यामुळे. तुझ्यासारखीच खुर्चीत बसलेली माणसं होती ती, हात वर करणारी.

आता कागद. अजेंडा आणि रिपोर्टचा गठ्ठा हातात आला की बहुतेक लोक तो बॅगेत टाकतात, तू तसं करू नकोस. हिशोब वाच, आणि नुसतं शेवटचं टोटल नको, ऑडिटरने खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाच. सगळ्यात जास्त लक्ष प्रॉपर्टीच्या ठरावांवर ठेव. ठराव दिसायला साधा असतो, अमुक मिशन कंपाउंडच्या जागेबाबत पुढील सर्व कार्यवाहीचे अधिकार अमुक कमिटीला देण्यात येत आहेत, एवढंच. मग विचार: सर्व्हे नंबर कोणता, क्षेत्र किती, विकायची की लीजवर, लीज किती वर्षांची, पैसे कोणत्या खात्यात जाणार, आणि तिथल्या मंडळीला कोणी विचारलंय का? शाळा, दवाखाने, कबरस्तानं, सगळं याच जागांवर उभं आहे गं, एकदा गेली की परत येत नाही. उत्तर नीट मिळालं नाही तर उभी राहून शांतपणे सांग की माझा विरोध मिनिट्समध्ये नोंदवा. आवाज चढवायची गरज नाही, पण नोंद झालीच पाहिजे.

इंग्रजीला घाबरू नकोस. कागद इंग्रजीत असले तरी हिंदीत बोललेलं सगळ्यांना कळतं. दोन मिनिटांत बोलायचं ते रात्रीच लिहून ठेव. वाद झाला म्हणून घाबरूही नको, प्रेषितांची कृत्ये 15 वाच, यरुशलेमेत सुद्धा आधी पुष्कळ वादविवाद झाला आणि मग निर्णय झाला.

आणि चहाच्या वेळी आपल्याच लोकांत बसू नकोस प्लीज. ओडिशातल्या फुलबनीच्या लोकांशी बोल, 2008 ला कंधमालमध्ये ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले तेव्हा त्यांच्या मंडळ्यांनी काय भोगलं ते त्यांच्या तोंडून ऐक. निकोबार बेटांपैकी कार निकोबारवरून कोणी आलं असेल तर त्सुनामीनंतर उपासना कुठे भरायची ते विचार. दलित ख्रिस्ती आरक्षणाचा विषय निघाला तर गप्प बसू नकोस, 1950 च्या राष्ट्रपती आदेशामुळे, ज्यात दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत धरले जात नाहीत, आपल्या गावातल्या पोरांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे, तेच सांग.

पाळकसाहेबांना आत्ताच सांगून ठेव की परत आल्यावरच्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास पाहिजे. काय ठरलं, कोणत्या ठरावाला तू कसं मत दिलंस आणि का, हे सगळं मंडळीपुढे सांग, फक्त मतपत्रिकेवर कोणाचं नाव लिहिलंस ते सोडून. म्हाताऱ्या आज्या प्रश्न विचारतील, त्यांनाही उत्तर दे. गठ्ठा मात्र फेकू नकोस, मला वाचायला आणून दे.

तुझा काका